मक्याची पिशवी

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज तुमची आठवण गोठ्यात आली. शाळेत तुम्ही विचारलं होतं, हवा मिळाली नाही तर पेशीचं काय होतं? मी म्हणाले, मरते. वर्ग हसला. तुम्ही पुस्तकी मराठी सोडून अहिराणीत म्हणालात, "मरस नही वं पोरी. काटकसर करीसन जगस." मग फळ्यावर आकृती काढून सांगितलंत: हवा असली की साखर पुरती जळते, भरपूर ऊर्जा निघते, नसली की अर्धवट मोडते, ऊर्जा थोडीच, मागे आंबट उरतं.

यंदा विहिरीला पाणी कमी. उन्हाळ्यात चारा नसता तर म्हैस विकावी लागली असती. म्हणून पौषात हिरवा मका कापून मी पहिल्यांदाच मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला चारा, भरला. मक्याचे बारीक तुकडे, कुट्टी, मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आम्ही जावा-जावा वर नाचलो, हवा निघेपर्यंत, मग तोंड दोरीनं आवळलं. कापलेला मकाही काही वेळ श्वास घेतो, आपलीच साखर खातो, तापतो. आतली हवा संपली की बिनहवेचे जीव कामाला लागतात. त्यांच्या आंबटपणानं चारा टिकतो. पिशवी मध्येच उघडली की हवेवर जगणारी बुरशी उरलेली साखर जाळते आणि सगळं कुजतं.

पण आमच्याकडे पाहुण्याला नवी गोष्ट उघडून दाखवायची रीत. जो येईल त्याला जेठ, माझे थोरले दीर, पिशवीकडे नेतात, दोरीला हात घालतात. मी आडवी येते. सासूबाई म्हणतात, "चांगलं शे तं झाकस कसाले? सोनं भरेल शे का मजार?" जेठ पाहुण्याला सांगतात, "आमनी सून मकाले श्वास लेवू देत नही." पाहुणा हसतो, मीही हसते. दोरी मात्र सोडू देत नाही.

चैत्रात सगळ्यांसमोर पिशवी सोडली. आंबूस, गोडसर वास आला. रंग पिवळसर हिरवा, बुरशी कुठेच नाही. म्हशीनं आधी हुंगलं, मान फिरवली. मग तिनं टोपल्यात तोंड घातलं ते काढलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "खाई ऱ्हायनी ना. आते कोणी सूनले बोलू नका." मी खाली बसले.

तुमची फळ्यावरची आकृती मी केव्हाच विसरले. हे पत्र कुठे टाकायचं, तेही ठाऊक नाही. संध्याकाळी जाऊबाईंनी विचारलं, "तुले भ्याव नही वाटनं?" मला पहिल्यापासून खात्री होती, असं मी सांगितलं. नव्हती.