चौदावं कलम अन् उज्ज्वलाची भाकर

५ जानेवारी
उज्ज्वलानं भाकऱ्या थापता थापता पगार वाढवून मागतला. म्हटलं, नाही जमत. जाशीन कुठं? आपण थाळीच्या कंपनीची शाखा चालवतो, तिच्या करारात चौदावं कलम हाय. एका शाखेचा माणूस दुसऱ्या शाखेनं घ्यायचा नाही. मी चौथी शिकली, पण चौदावं कलम पाठ हाय.

७ जानेवारी
उज्ज्वलाचा दुपारचा चहा बंद. कलम असल्यावर चहा कायले? आमचे भगवानराव म्हणे, घोटभर देत जा वं. म्हटलं, तुम्ही झुणका हलवा. त्यायले पगार नाही. नवऱ्याले कायचा पगार? रजिस्टरात नावबी नाही.

१२ जानेवारी
गेली. कळंब शाखेत! तिथल्या मालकिणीले, विमलताईले, फोनवर धुतलं. ती म्हणे, म्या नाही पळवली, आपल्या पायानं आली. इथं चहा दोनदा भेटते.
चोट्टी. कोर्टात पाहून घेतो म्हटलं.

१३ जानेवारी
वकील बिनकामाचा. म्हणे, करार तुमचा अन् कंपनीचा, उज्ज्वलानं सही केली काय? म्हटलं, तिची कायले पाहिजे? म्हणे, करार कायद्याचं सत्ताविसावं कलम हाय. कोणाले पोट भरण्यापासून अडवणारा करार चालत नाही. शाखाशाखांनी आपसात ठरवलं तरी तिले बांधून ठेवता येत नाही. फार तर कंपनी विमलताईले बोलू शकते.
विमलताईनं त्याले फुकट थाळी चारली असन.

१४ जानेवारी
संक्रांतीची गर्दी. भाकऱ्या म्या थापल्या. भाकर काय, कोणालेबी येते.
एक गिऱ्हाईक माझी भाकर कडकन मोडून म्हणे, मावशी, पापडाचे पैसे वेगळे काय? हाकलला त्याले.

१७ जानेवारी
कंपनीचा साहेब फोनवर म्हणे, दोन्ही शाखा आपल्याच, भांडू नका. कळंबची विक्री वाढून राह्यली ना, मग हा कायले बोलते! आता कलम मीच चालवतो.

१९ जानेवारी
भगवानरावले कळंबले धाडलं. उज्ज्वलाले घेऊनच या म्हटलं. पगार वाढवतो म्हणून सांगा, आल्यावर पाहू.

२२ जानेवारी
ते आले नाहीत. फोन केला तं मागून कढईचा आवाज. म्हणे, विमलताईनं झुणक्यावर ठेवलं, पगार देते, बुधवारी सुट्टी. म्हटलं, लाज नाही वाटत? म्हणे, इथं मले भगवानभाऊ म्हणतात.
वकिलाले फोन लावला. तो हासला! म्हणे, चौदावं कलम पक्कं असतं तरी ते नोकरासाठी हाय. भगवानराव तुमच्या रजिस्टरात कुठं हायत?

२५ जानेवारी
शाखेले कुलूप. कळंबले गेली, दोघायले ओढून आणाले. दारात रांग. म्हटलं, आधी बसतो, मंग ओरडतो. सकाळपासून पोटात काही नव्हतं.
उज्ज्वलानं ताट ठेवलं. भाकर फुगलेली. भगवानराव आले, नवा एप्रन घालून. म्हणे, झुणका वाढू काय, बाई? गिऱ्हाईकाले म्हणतात तसं, बाई!
वाढा म्हटलं.
विमलताई गल्ल्यावरून म्हणे, भांड्याले बाई पाहिजे, येता काय? म्या सुनावलं, एका शाखेचा माणूस दुसरीनं घ्यायचा नाही, चौदावं कलम! ती म्हणे, मालकिणीले ते लागत नाही.
तोंडावर नाही म्हणून आली. मालकीण हाय मी.
येताना स्टँडवर सकाळी कळंबले जाणाऱ्या गाडीचा टाइम विचारून ठेवला. नुसता विचारला. भांड्यावालीलेबी चहा दोनदा भेटते का, तेवढं विचाराचं राहून गेलं.