हळदीची पत्रिका, कुंकवाची पत्रिका

तीर्थस्वरूप राधाकिशन दाजींच्या चरणी शहादेवचा शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावरच पाया पडतो. तुमच्या गावी, पालीला येऊन पडलो तर तुम्ही पाय मागे घ्याल, अशी पक्की बातमी आहे. माझा फोनही तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र.) इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा, म्हशीचं दूध आणि तुमचा राग, तिन्हींचं कसं काय ते कळवावं. वैष्णवीच्या लग्नाची पत्रिका तुम्ही टपालानं परत पाठवलीत, ती पोचली. तुम्ही पडलात नाना गटाचे कट्टर आणि पत्रिकेत निमंत्रक म्हणून अप्पांचं नाव पहिलं, तेव्हा राग रास्तच. पण त्यात माझा दोष नाही. (थोडा आहे. पुढे सांगतो.)

आमच्या गावाचं तुम्हाला ठाऊकच आहे. निवडणूक होऊन वर्ष झालं, पण लोकांच्या डोक्यातला गुलाल उतरायला तयार नाही. पाणी देण्याआधी आडनाव विचारतात. शिवशंकर अप्पांच्या माणसांचं चहाचं हॉटेल वेगळं, धर्मराज नानांच्या माणसांचं वेगळं, आणि दाढी कोणाकडे करतो त्यावरून माणसाचा गट ठरतो. (मी म्हणून दाढीच वाढवली.) अशात पोरीचं लग्न. आपली रीत अशी की, लग्नघरानं गव्हाचं पीठ घरोघर वाटायचं आणि बायांनी पोळ्या लाटून दुरड्या भरून मांडवात आणायच्या. अर्ध्या गावानं पीठ नाकारलं असतं तर चौसाळ्याचं आठशे माणसांचं वऱ्हाड नुसत्या वरणावर उठलं असतं, आणि वैष्णवीला ते सासरी जन्मभर ऐकावं लागलं असतं.

म्हणून मी डोकं चालवलं. (आमची ही म्हणते, तिथंच चुकलं.) घाटनांदूरहून दोन तऱ्हेच्या पत्रिका छापून आणल्या. एकीत अप्पा पहिले आणि नाना गायब, दुसरीत नाना पहिले आणि अप्पा गायब. घोटाळा नको म्हणून अप्पांच्या माणसांच्या पाकिटांना हळदीचं बोट लावलं, नानांच्या माणसांच्या पाकिटांना कुंकवाचं, आणि निर्धास्त रानात गेलो. परत येतो तर आमच्या हिनं, सरस्वतीनं, एकूण एक पाकिटाला हळदही लावलेली आणि कुंकूही! म्हणे, "नुसती हळद, नुसतं कुंकू, आसं आसतंय व्हय शुभकार्यात? तुमाला काईच कळत न्हाई." वर दोन्ही गठ्ठे एक करून, उदबत्ती ओवाळून, गावभर वाटूनही मोकळी झालेली. पालीची पत्रिका टपालात पडली ती अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या नावाची पत्रिका घेऊन अप्पा दारात, त्यांच्या मागोमाग अप्पांच्या नावाची घेऊन नाना. वर्षात पहिल्यांदा दोघे एका ओट्यावर बसले आणि शहादेव नालायक माणूस आहे, यावर त्यांचं एकमत झालं. दोघांनीही बजावलं की आमच्या गटातलं एकही घर तुझं पीठ घेणार नाही. म्हणजे अर्ध्याची भीती होती, मी सगळं गाव घालवलं.

मी डोक्याला हात लावून बसलो. सरस्वतीनं मात्र शेजारच्या वत्सलाबाईला सोबत घेतलं, पिठाची पाटी डोक्यावर ठेवली आणि पहिलं घर गाठलं ते अप्पांचंच. मी लपतछपत मागे. (दोन घरं अंतर ठेवून.) अप्पांच्या मंडळी छबुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, "पत्रिकेत आमचं नाव कवा हुतं गं? ह्येंचं वर छापलं का खाली, ते ह्येंनी बघावं. आन ते पीठ हिकडं." नानांच्या घरीही तेच, फक्त परात मोठी होती. संध्याकाळपर्यंत पाट्यांवर पाट्या रिकाम्या झाल्या, गावातलं एक घर सुटलं नाही.

लग्नादिवशी दुरड्यांवर दुरड्या आल्या आणि सगळ्या पोळ्या मांडवात अंथरलेल्या एकाच धुतल्या धोतरावर ओतल्या. आता त्यातली अप्पांची कुठली आणि नानांची कुठली, पोळीला काय आडनाव असतं? बायका सगळ्या मांडवात म्हटल्यावर घरी चूल कोण पेटवणार! भर दुपारी दोन्ही पुढारी मुकाट्यानं जेवायला आले. वाढपी कमी पडताहेत म्हणून अप्पांनी वरणाची बादली उचलली. ते बघून नानांनी बुंदीची परात उचलली. मग अशी चढाओढ लागली की चौसाळ्याच्या व्याह्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तरी बोटांच्या फटीतून बुंदी पडली. आठशे म्हणता म्हणता हजार जेवले आणि पोळ्या उरल्या. वर्षभर मी भीत होतो, दाजी, की या राजकारणात आपलं म्हणावं असं कुणी राहिलंच नाही. त्या दिवशी मांडवाचा खांब धरून मी रडलो. लोकांना वाटलं, पोरीसाठी. तिच्यासाठीही होतंच. पण मी आनंदानं रडलो. आमचं गाव जिंकलं, आणि या खेपेला पडलं कुणीच नाही.

अधिकउणं लिहिलं असेल तर पोटात घालावं.

आपला,
दोन्ही गटांतून हाकललेला व दोन्ही घरी जेवणारा
शहादेव

ता.क. चंद्रभागाताई डोळे तपासायला म्हणून तुमच्या घरून अंबाजोगाईला निघाली, त्याला आज आठ दिवस झाले. इतके दिवस कुणी डोळे तपासत नाही, हे तुमच्याही ध्यानात आलंच असेल. ती इथंच आहे. भाचीच्या लग्नाच्या दोनशे पोळ्या तिनं एकटीनं लाटल्या. तिला बोलू नका, मला बोला.

ता.क. दुसरा. ती एकटी एसटीनं पालीला परत यायला तयार नाही. तुम्ही स्वतः न्यायला यावं, गळ्यात गटाचं उपरणं न घालता. जेवण अप्पांकडे आणि चहा नानांकडे ठरवून बसलोय.

ता.क. तिसरा. (खालची ओळ ताईच्या हातची. मी खाडाखोड केलेली नाही.)

माजे डोळे चांगले हायत. वाटंकडं लागल्यात.