श्यामलाच्या फराळाचं मॅनेजमेंट

३ ऑक्टोबर
काल दसरा झाला. आजपासून श्यामलाच्या फराळाच्या धंद्याची सूत्रं मी हाती घेतली आहेत. तिला अजून सांगितलेलं नाही.

जूनमध्ये बँकेच्या इंदापूर ब्रँचमधून मॅनेजर म्हणून रिटायर झालो. तेव्हापासून या घरात एकानेही माझ्याकडे कशावर सही मागितलेली नाही. इतका अनुभव वाया चाललाय, आणि इकडे गॅरेजमध्ये तीन बायका कुठल्याही सिस्टीमशिवाय चकल्या तळतायत. धंदा जोरात चालतो, मान्य. अर्ध्या बारामतीचा फराळ आमच्याकडून जातो. पण तो का चालतो, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. डेंजरस आहे हे.

संध्याकाळी सांगितलं. श्यामला म्हणाली, "आधी तुमची गाडी गॅरेजमधून बाहेर काढा." म्हणजे संमती आहे.

४ ऑक्टोबर
गाडी काढताना भाजणीच्या डब्याला धक्का लागला. सगळी भाजणी जमिनीवर. डबा चुकीच्या जागी होता.

पहिली सुधारणा: प्रत्येक डब्याची जागा ठरवली, लेबलं लावली. इंग्रजीत, प्रोफेशनल दिसावं म्हणून. मैदा आणि पिठीसाखर यांच्या लेबलांची अदलाबदल झाली, पण कुणीही लेबल वाचत नसल्यामुळे शंकरपाळ्या व्यवस्थित झाल्या. कुणीही लेबल वाचत नाही, ही गंभीर बाब आहे. मीटिंग घ्यावी लागेल.

६ ऑक्टोबर, सकाळ
मीटिंग घेतली. विषय: टार्गेट. उपस्थित: श्यामला, छबूबाई, सारजा. छबूबाई पिंपळीहून येते, श्यामलाबरोबर अगदी पहिल्या दिवाळीपासून आहे. सारजा तिची सून. मी मुद्दा क्रमांक दोनवर असताना सारजा उठून कढईकडे पळाली. शिस्त नाही. चिवड्यातलं खोबरं काळं पडलं होतं. श्यामला म्हणाली, "पुढची मीटिंग लक्ष्मीपूजन झाल्यावर घ्या."

तोवर सीझन संपलेला असेल हे तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

७ ऑक्टोबर
ऑर्डरी आजपासून मी घेणार. सगळ्या ग्राहकांना मेसेज टाकला: कृपया ऑर्डर ईमेलवर, निश्चित केलेल्या नमुन्यात पाठवावी. 

एकही ईमेल नाही. एका कॉलेजच्या मॅडमचा फोन मात्र आला. वहिनी कुठायत म्हणाल्या. मी म्हटलं, मी बोलतोय, मॅनेजमेंट. त्या म्हणाल्या, मग नंतर करते.

ग्राहकांनाही ट्रेनिंगची गरज आहे.

९ ऑक्टोबर
महत्त्वाचा शोध. बेसनाच्या लाडवांचं ताट दुपारनंतर भरलेलं राहत नाही. लीकेज! बँकेत असं झालं असतं तर ऑडिट लागलं असतं. 

श्यामला तूप आणायला मार्केटला गेली होती. तेवढ्यात माणूस बोलावून गॅरेजमध्ये कॅमेरा बसवून घेतला. छबूबाईने विचारलं, "ह्ये कशापायी, साहेब?" मी पारदर्शक माणूस आहे. सांगितलं, लाडू कमी होतायत, कोण नेतं ते आता कळेल. कुणाचं नाव घेतलं नाही. तिने हात धुतले, पदराला पुसले, चपला घातल्या. सारजाही मागोमाग गेली. कढईत चकल्या तशाच.

चहाला गेल्या असाव्यात.

१० ऑक्टोबर
चहाला गेल्या नव्हत्या. आज कामावर कुणी नाही. श्यामलाने मला काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. ती शेगडीकडे वळली. समोर बेसन भाजत होती, डोळे लाल होते. धुरामुळे.

दुपारी आणखी एक प्रकार. कॅमेऱ्याचं ॲप बेंगळुरूहून अद्वयने सेट करून दिलं होतं, त्यामुळे त्यालाही सगळं दिसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चिरंजीवांनी फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला. त्यात बनियन घातलेला एक इसम दोन्ही हातांत लाडू घेऊन उभा आहे. वल्लरीने पुण्याहून लिहिलं, "बाबा, चोर सापडला!"

मी खुलासा केला की ते क्वालिटी कंट्रोल होतं. ग्रुपवर नुसते हसरे चेहरे आले.

११ ऑक्टोबर
सकाळी दारात टेम्पो. श्यामलाने कढया, सोऱ्या, डबे, शेगड्या, सगळं चढवलं. आता छबूताईच्या अंगणात काम करणार म्हणाली. मी विचारलं, आणि मी? ती म्हणाली, "तुम्ही कॅमेरा बघा."

म्हणजे प्रॉडक्शन पिंपळीला, हेड ऑफिस बारामतीत. मोठ्या कंपन्यांत असंच असतं.

१३ ऑक्टोबर
हेड ऑफिस. कॅमेऱ्यात रिकामं गॅरेज. एक मांजर आलं, वास घेतला, गेलं. 

श्यामला सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. पोळी-भाजी झाकून ठेवलेली असते. आज एकटा जेवताना पंखा किती आवाज करतो ते कळलं. दुरुस्त करायला हवा.

१४ ऑक्टोबर
निर्णय. स्वतः पिंपळीला जाऊन छबूबाईला अटींसह परत घ्यायचं. मुद्दे तयार केले. पाठ केले.

१५ ऑक्टोबर
गेलो. छबूबाईने आधी पाण्याचा तांब्या दिला. मी पहिल्या मुद्द्यावर येणार तोच ती म्हणाली, "साहेब, बाई बाळंतीण हुत्या तवा तुमच्या घराची किल्ली माझ्या कमरंला हुती. कपाट उगडं असायचं. तवा कुनी काय इचारलं न्हाय. आन आता लाडवासाठनं?"

पाठ केलेल्यातलं एकही वाक्य इथे बसेना. 

"चुकलं माझं," म्हणालो. "लाडू मीच खात होतो. रोज."

"ठावं हाय की," सारजा कढईवरूनच म्हणाली. "तुमच्या मिशीला लागल्यालं असायचं."

छबूबाई तोंडाला पदर लावून हसली. मग श्यामलाही. किती दिवसांनी. मी म्हटलं, मग चला परत घरी. श्यामला म्हणाली, "कशाला? इथं हवा आहे, जागा आहे आणि मीटिंगा नाहीत." 

मग सुतळीचा गुंडा माझ्याकडे सरकवून म्हणाली, "बसायचं असेल तर बसा. खोके बांधा."

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
तीन दिवस खोके बांधतोय. पॅकिंग आणि डिस्पॅच विभाग पूर्णपणे माझ्याकडे. ऑर्डरी सगळ्या वेळेत चालल्यात. नव्या व्यवस्थेचा परिणाम दिसतोय.

आज कन्हेरीहून एक गृहस्थ गाडी घेऊन आले. बाज टाकून मी मधोमध बसलेलो, चष्मा, पांढरा शर्ट. सरळ माझ्याकडेच आले. "मालक, अनारसे मिळतील का?" 

इतक्या महिन्यांनी कुणीतरी माणूस ओळखला. मी उठून उभा राहिलो. उत्तर देणार तेवढ्यात छबूबाई चुलीपासून ओरडली, "ओ पाव्हणं, त्ये तसलं मालक न्हवं. बाईंचं मालक हायती. नुसतं बसल्यात. आर्डर हिकडं सांगा."

पाहुणे तिकडे गेले.

मी खाली बसून हातातला खोका बांधला. सारजाने येताजाता तो उचलला, गाठ सोडली आणि परत बांधला.