ही बॅग कुणाची?

२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी.

हैदराबादहून बेंगळुरात परत. पुतण्याचा साखरपुडा ठीक. जेवण ठीक. विमान वेळेवर. डोकं मात्र तापलेलं.

कारण सिक्युरिटी. पट्ट्यावरून माझी बॅग बाहेर आली. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, बॅगेच्या मुठीवर माझा हात. आणि तो जवान मला विचारतो, ही बॅग तुमची का. मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? त्यानं ती बाजूला घेतली. आत काय आहे, असं विचारलं. आत्ता तर तुम्ही पडद्यावर पाहिलंत, म्हटलं. मग त्यानं माझे मोजेसुद्धा उलटे करून पाहिले.

सगळी नोकरी सरकारी कारखान्यात, इन्स्पेक्शनला काढली मी. प्रश्न कसा असावा हे मला कोणी शिकवू नये. प्रश्न गेजसारखा, माप तपासायच्या साच्यासारखा हवा. बसला तर जॉब पास, नाही बसला तर रिजेक्ट. ज्याचं उत्तर डोळ्यांसमोर आहे तो प्रश्न नव्हेच, तो नुसता आवाज.

ठराव: यापुढे निरर्थक प्रश्नांना उत्तर देणार नाही. भांडायचं नाही, शांत राहायचं. मी मुळात शांतच आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार.

दूध घेऊन जिना चढताना खालच्या मजल्यावरच्या कावेरीअक्का भेटल्या. म्हणाल्या, काय अण्णा, दूध आणलं काय? हातात पिशवी, पिशवीत दूध. ठरावानुसार गप्प राहिलो.

त्यांना वाटलं मला बरं नाही. अर्ध्या तासात गरम सारू-भात वर आला. पाठोपाठ त्यांचे यजमान रघुपती आले आणि स्वल्प ताप आहे काय म्हणून कपाळाला हात लावून गेले. बसवनगुडीतली पिढ्यान् पिढ्यांची मराठी मंडळी ही. निम्मं कन्नड बोलतात, पण माणसं सोन्यासारखी. बायको, कल्पना, लेकीच्या, अमृताच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्यापासून माझं पोट त्यांच्याच भरवशावर आहे.

ठरावात दुरुस्ती: बिल्डिंगमध्ये लागू नाही.

९ फेब्रुवारी, रविवार.

काल अमृताला मुलगी झाली. दोघी ठीक. कल्पनाचा फोन आला तेव्हा मी विचारलं, रडते का. ती म्हणाली, अहो, कालचं बाळ आहे, रडेल नाही तर काय भाषण करेल? हा प्रश्न वेगळा होता. मला माहिती हवी होती.

आजोबा झालो. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. चष्मा पुसला, एवढंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

अमृताचा फोन. बारावा दिवस आडवारी येतो, म्हणून बारसं तेवीसला, रविवारी दुपारी बाराला, घरीच.

अडचण अशी की आमच्या जावयाला, सुहासला, बहीण नाही. म्हणजे बाळाला आत्या नाही. मग कानात कुर्र्र करून नाव कोण सांगणार? अमृता म्हणाली, बाबा, तुम्ही सांगा. सुहासची आई आनंदानं हो म्हणाली म्हणे. आत्याचा मान आजोबाला! आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच. कोणाच्याही घराण्यात पहिल्यांदाच असेल.

नाव गुप्त आहे. त्या तिघांना ठाऊक आणि आता मला. कल्पनालासुद्धा नाही. इथे लिहायला हरकत नाही: प्रांजली. म्हणजे सरळ, प्रामाणिक मनाची. माझ्यावरूनच सुचलं असणार, पण अमृता तसं तोंडावर बोलणार नाही.

चष्मा पुन्हा पुसावा लागला. बेंगळुरात हल्ली धूळ फार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

कल्पना म्हणते, आदल्या दिवशी, शनिवारीच या. शक्य नाही. शनिवारी बिल्डिंगची मीटिंग आहे, गच्चीवरच्या टाकीचा विषय आहे, आणि मी नसलो तर लोक भावनेच्या भरात निर्णय घेतात. रविवारी सकाळचं विमान धरलं की साडेदहाला पुणं. दीड तास हातात. भरपूर.

ती म्हणाली, तुम्ही सिक्युरिटीत वाद घालत बसाल. मी कधी वाद घातलाय? मागे गोव्याचं विमान चुकलं ते कंबरपट्ट्याच्या बकलमुळे.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

मेट्रोनं चिकपेटला गेलो. हार्डवेअरच्या दुकानातून पांढरा ऑइल पेंट आणि बारीक ब्रश आणला. दुकानदारानं विचारलं, कशाला पाहिजे. रंगवायला, म्हटलं. तो हसला. मी हसलो नाही.

घरी येऊन हातातल्या काळ्या बॅगेवर मोठ्या अक्षरात माझं नाव रंगवलं. आता विचारून दाखवा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

कुर्र्रचा सराव. उशीला बाळासारखं आडवं ठेवलं आणि वाकून सुरुवात केली. र लांबवताना दम कमी पडतो. कावेरीअक्कांनी खालून फोन केला, मिक्सर बिघडला काय अण्णा म्हणून.

नाव सांगताना बायका पाठीत धपाटे घालतात. माझी कंबर धरलेली असते, तेव्हा हळू मारा असं आधी सांगून ठेवायचं.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

खूप विचार केला. गप्प राहणं ही पळवाट झाली. शास्त्रीय मार्ग वेगळा आहे. प्रश्न कितीही फालतू असो, त्याला पूर्ण, खरं आणि सविस्तर उत्तर द्यायचं. अशी खरी उत्तरं ऐकायची वेळ आली की हे लोक आपोआप विचारायचे थांबतील. मी फक्त माझ्यापुरतं पाहत नाहीये, सगळ्या प्रवाशांचा विचार करतोय.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

मीटिंगला मी, रघुपती आणि वॉचमन. कोरम नाही. टाकी तशीच.

सामान कावेरीअक्कांनी भरलं. कल्पना पुण्याहून फोनवर त्यांनाच सूचना देत होती, मला फक्त फोन धरायला सांगितला होता. मोठ्या बॅगेत डिंकाचे लाडू, आळीव, साड्या. हातातल्या बॅगेत चांदीचे वाळे आणि कुंची. ही कुंची माझ्या आईनं अमृतासाठी हातानं शिवलेली, जरीच्या खणाची. अक्का कितीतरी वेळ तिच्यावरून हात फिरवत होत्या. मीही पाहत होतो. आईला टाके घालताना पाहिलं होतं मी, पण तेव्हा माझं लक्ष पेपरात असायचं.

रघुपतींनी पुण्यातल्या बहिणीसाठी एक पार्सल दिलं. चिकटपट्टीनं गच्च बांधलेलं. काय आहे ते विचारलं नाही. दुसऱ्याच्या पार्सलात नाक खुपसायची आपली पद्धत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार. पहाटे, टॅक्सीत.

ड्रायव्हर म्हणाला, एअरपोर्टा सार? मोबाइलवर त्याला तेच दिसतंय. सोडून दिलं. आज मन प्रसन्न आहे. कुर्र्र एकदा पुटपुटून पाहिलं. त्यानं आरशातून बघितलं.

सकाळी. काउंटरजवळच्या बाकावर.

पद्धत वापरली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, बॅग तुम्ही स्वतः भरलीत का. मी म्हटलं, नाही, खालच्या कावेरीअक्कांनी. ती हसून म्हणाली, म्हणजे सर, तुमच्यासमोरच ना? मुलगी मला उत्तर पुरवत होती! इन्स्पेक्शनमध्ये असं चालत नाही. मी म्हटलं, निम्म्या वेळेला मी फोन चार्ज करायला आत गेलो होतो.

मग, कोणी काही नेण्यासाठी दिलंय का. हो. काय दिलंय. माहीत नाही. तिचं हसू मावळलं. सुपरवायझर आले.

पार्सलात पूजेचं सामान निघालं. कापूर, काडेपेट्या, गोटा खोबरं. त्यांनी रघुपतींना फोन लावला. ते झोपेतून उठून म्हणाले, सरी सरी, कापूर काढा, पण खोबरं तेवढं जाऊ दे सार, आमच्या पुण्याच्या अक्काला तिकडचं चालत नाही. खोबरंही चालत नाही म्हणे विमानात. सगळं ठेवून घेतलं. मोठी बॅग शेवटी गेली, पण तोवर बराच वेळ गेला.

निष्कर्ष: सत्य या देशाला पेलत नाही. मूळ ठरावच बरोबर होता. सिक्युरिटीत एक शब्द बोलायचा नाही. बॅगेवर नाव आहे, वाचता येतं त्यानं वाचावं.

सकाळी, जरा उशिरा. सिक्युरिटीमागची खोली.

लिहितोय कारण दुसरं काही करता येत नाही.

बॅग पट्ट्यावरून बाहेर आली आणि बाजूला सरकवली गेली. वाळे चांदीचे, म्हणून असेल. जवानानं विचारलं, किसका बैग है. मी गप्प. त्यानं कन्नडमध्ये विचारलं. मी शांतपणे बॅगेकडे नजरेनं खूण केली. त्यानं इंग्रजीत विचारलं. मागचे लोक आपापल्या बॅगा उचलून गेले. तो ओरडला. मी हाताची घडी घातली.

मग सगळ्यांना मागे सरकवलं. लोकांबरोबर मीही सरकलो. दोरी बांधली. कोणीतरी म्हणालं, लावारिस. कुत्रा आणला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बॅग ट्रेमध्ये उलटी पडली आहे आणि नाव खालच्या बाजूला आहे.

मी पुढे होऊन म्हटलं, माझी आहे. त्यांच्या साहेबानं विचारलं, मग इतक्या वेळा विचारलं तेव्हा बोलला का नाहीत? आज सकाळपासूनचा हा पहिला प्रश्न ज्याला अर्थ होता.

खोलीत एका लेडी कॉन्स्टेबलनं कुंची बाहेर काढली आणि विचारलं, हे काय. कुंचीला हिंदीत काय म्हणतात मला ठाऊक नाही. टोपी, पण मागून लांब, असं म्हणून मी स्वतःच्या डोक्यावर धरून दाखवली. ती म्हणाली, मुलगा की मुलगी? मुलगी, म्हटलं. तिनं घडी घालून परत ठेवली. ठीक घातली घडी.

विमान गेलं.

अकरा वाजता.

दुपारचं तिकीट काढलं. त्यासाठी बाहेर यावं लागलं, आता पुन्हा दारातून आत. सुहासला कळवलं, विमान तांत्रिक कारणानं लेट. त्यानं लगेच लिहिलं, बाबा, ॲपवर तर वेळेवर उतरलंय असं दाखवतंय, तुम्ही कुठे आहात? तांत्रिक कारणाचे अनेक प्रकार असतात. सगळे ॲपवर येत नाहीत.

नवा ठराव, आणि हा शेवटचा: काहीही विचारलं की ताबडतोब उत्तर द्यायचं. विचार करायचा नाही. आता अंगात त्राण नाही.

बारा वाजून गेल्यावर.

कसं लिहू?

बाहेरच्या दाराशी रांगेत उभा होतो. अमृताचा फोन आला. सगळे जमलेत म्हणाली, पाळणा सजलाय, बाळ जागं आहे, गुरुजींना पुढे जायचंय. रडवेली झाली होती. मग सुहासच्या आईच म्हणाल्या, फोनवरून नाव सांगू द्या त्यांना, मान त्यांचा आहे. केवढं मन! कल्पनानं फोन स्पीकरवर टाकून बाळाच्या कानाशी धरला, म्हणजे पाहुण्यांनाही ऐकू जाईल. पलीकडे सगळं चिडीचूप झालं. बाळाचा श्वास ऐकू येत होता. खरंच येत होता.

मी दम घेतला आणि कुर्र्र केलं. चांगलं लांबलं. रांगेतले लोक वळून पाहू लागले. बघू देत म्हटलं. तोवर माझा नंबर आला होता. दारावरच्या जवानानं माझं तिकीट आणि आधार कार्ड हातात धरून, दोन्हींवर छापलेलं वाचत वाचत मला विचारलं, नाम?

मी ताबडतोब उत्तर दिलं. मोठ्यानं, स्पष्ट.

नंदकिशोर.

पलीकडे कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले, मग बाळ दचकून रडायला लागलं. मी प्रांजली, प्रांजली असं ओरडलो. फोन बंद झाला होता. जवान म्हणाला, आधारवर तर नंदकिशोर आहे, ही प्रांजली कोण?

संध्याकाळी. पुणे, अमृताचं घर.

सुहास न्यायला आला होता. त्याच्या आईंनी नंतर नीट नाव सांगितलं, एवढं बोलला. बाकी रस्ताभर गाडी चालवत होता.

विमानात उत्तरं तयार केली होती. उशीर का झाला याचं थोडक्यात एक आणि सविस्तर एक. बॅग का अडवली, याचं वेगळं. नंदकिशोर कसं निघालं तोंडून, याचंही, आणि ते खरंच पटण्यासारखं आहे.

दार उघडंच होतं. पाहुणे गेलेले. कल्पना घुगऱ्यांची पातेली आवरत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा पातेल्यात पाहिलं. आलात का, असं म्हणाली नाही. प्रवास कसा झाला, जेवलात का, चहा टाकू का, काही नाही. ताट वाढून समोर ठेवलं. अमृतानं बॅग घेतली, कुंची काढली, आणि आत गेली.

बाळ झोपलं होतं. पाळण्याशी वाकून तोंड कानाजवळ नेलं, आता तरी म्हणावं म्हणून. अमृतानं ओठांवर बोट ठेवलं. मी मागे झालो. नाक माझ्या आईसारखं आहे.

तेव्हापासून बाहेरच्या खोलीत बसलोय. सगळे इथूनच ये-जा करतायत. दोनदा खाकरलो. एकदा, आज फारच दमलो बुवा, असं मोठ्यानं म्हणून पाहिलं.

कोणी काहीच विचारलं नाही.