रिपोर्ट आला होता

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच बहुतेक हे लिहायला हात धजावतोय. तू गेलीस त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुझ्याशी भांडले पुष्कळ. भाकरी करपली की भांडले, वहिनीने तुझा पाटा अंगणातून हलवला तेव्हा भांडले. पण ही एक गोष्ट तुला मनातसुद्धा कधी सांगितली नाही. परवा तुझ्या नातवाने मला एक साधा प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं आणि तेव्हापासून चैन नाही. आणि बघ ना, कागद पुढे घेतला की शाळेतलीच भाषा उमटते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय गो मास्तरीन, सरळ बोल ना."

तर सरळ बोलते. गणपती नुकतेच गेले होते, पितृपंधरवडा लागला होता, आणि सुरतेत प्लेग आल्याची बातमी टीव्हीवर आली. दोन दिवसांत आपल्या घणसोली गावाचा रंग बदलला. कंपनीत जाणारी माणसं नाकाला रुमाल बांधून निघायला लागली, रुमालात कापराची वडी. कुठे मेलेला उंदीर दिसला की अख्खी आळी गोळा. कोपरखैरण्यापासून वाशीपर्यंत एकाही मेडिकलमध्ये प्लेगवरच्या कॅप्सूल मिळत नव्हत्या. मी तेव्हा बावीस वर्षांची, डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला. केसपेपर लिहायचे, गोळ्यांच्या पुड्या बांधायचे, बस. पण गावात मला 'डॉक्टरीण' म्हणायचे आणि मला ते भारी आवडायचं, खोटं कशाला बोलू. मी दवाखान्यातून हिरव्या कापडाचे, चार बंदांचे मास्क आणले आणि पहिला तुझ्या तोंडाला बांधला. तू आरशात बघितलंस आणि म्हणालीस, "ह्ये तं बैलाचं मुसकं हाय. मळनीला बांधाचे, दाने खाऊ नये म्हनून. मी कुनाचे दाने खाते गो?" दादा हसून हसून खाली बसला. पण तू मास्क काढला नाहीस. दादाचा मुलगा तेव्हा अकरा महिन्यांचा, दिवसभर तुझ्या कडेवर. तो त्या बंदांशी खेळायचा आणि तू मान वळवून वळवून त्याला चुकवायचीस.

आपल्या मागच्या चाळीत चार खोल्या भाड्याने होत्या. कोपऱ्यातल्या खोलीत ती खानदेशातली बाई राहायची, मार्केटमध्ये लसूण निवडायला जायची. नवरा सुरतेला कापडाच्या लूमवर. दोन महिन्यांतून एकदा यायचा आणि येताना तुझ्यासाठी आठवणीने घारी, ती तिथली तुपातली मिठाई, आणायचा. त्या आठवड्यात तो आला तो हातात एक पिशवी घेऊन, घारीबिरी काही नाही. अंगात फणफणून ताप, दात कडकडा वाजतायत. सुरतेहून आला आणि ताप आहे, एवढं आळीला पुरलं. शेजारच्या काकांनी आपली खिडकी लावून घेतली. वहिनी मुलाला घेऊन आतल्या खोलीत गेली. आणि तू चुलीवर पेज ठेवलीस.

मी मागून ओरडत आले, "आये, मास्क!" मास्क होता तुझ्या तोंडावर, नीट बांधलेला. तू ताट घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्याशी गेलीस. तो भिंतीला टेकून बसलेला, डोळे लाल. आणि मी बघत असताना तू डाव्या हाताने तो मास्क हनुवटीखाली ओढलास, ताट त्याच्यासमोर ठेवलंस, वर वाकून म्हणालीस, "खा रं बाबा, गरम हाय तवर खा." शेजारी वाटीत सुकटीची चटणी. त्या वासाने त्यानेच नाक धरलं, बिचारा माळकरी माणूस. तू जीभ चावलीस आणि वाटी उचलून आणलीस.

मी तुझ्यावर किती चिडले ते मला आज जसंच्या तसं दिसतं. तू मोरीपाशी हात धुतेयस, मी मागे उभी राहून बडबडतेय. शिकवून काय उपयोग, कुणासाठी आणले मी हे मास्क, घरात लहान पोर आहे. तू शांतपणे हात पुसलेस आणि म्हणालीस, "तोंड बांधून कुनाला वाढतात ठाव हाय ना तुना?" ठाऊक होतं. आपल्या घरची रीत. पितरांचं पान वाढताना तू पदराने तोंड बांधायचीस, आपला श्वास, आपला शब्द त्या अन्नावर पडू नये म्हणून. दोनच दिवसांपूर्वी आजोबांचं पान तू तसंच वाढलं होतंस. "तो जिता हाय. जित्या मानसाला मी तसं वाढनार नाय. त्याची बायको समोर बसलीय, ती काय समजंल?" मी म्हटलं, "ती खानदेशातली, तिला काय माहीत तुझी रीत!" तू म्हणालीस, "मना ठाव हाय ना." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खोलीपर्यंत मास्क, ताट ठेवताना हनुवटीखाली, परत येताना पुन्हा वर.

डॉक्टर स्वतः आले नाहीत. त्यांनी मला रक्त घ्यायला काच आणि सुई देऊन पाठवलं, सोबत मलेरियाच्या गोळ्या. म्हणाले, "बहुतेक मलेरियाच असेल, गोळ्या चालू कर. पण रिपोर्ट येईपर्यंत वेगळा ठेवा." मी तोंड फिरवून, लांबूनच त्याच्या बोटाला सुई टोचली. त्याने मलाच विचारलं, "ताई, घाबरल्या का?" मला त्याचाही राग आला. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, तू पीठ दळायला गिरणीत गेलीस, तेव्हा मी त्या खोलीपाशी गेले. लांब उभी राहिले आणि त्याच्या बायकोला म्हटलं, आज दुपारपर्यंत सरकारी गाडी येईल आणि याला उचलून नेईल, कुठे नेतील ते मला माहीत नाही. गाडी कुठली येणार होती! "ताई, यांना उभं राहवत नाही, कुठे घेऊन जाऊ?" ती म्हणाली. मी म्हटलं, गावाला जा. तू परतलीस तेव्हा खोलीला कुलूप नव्हतं, नुसती कडी. स्टोव्ह, हंडा, दोरीवरचा टॉवेल, सगळं तसंच टाकून गेले होते.

तू मला मारलं नाहीस, लहानपणी मारायचीस तसं. पिठाचा डबा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "आजारी मानसाला हाकललंस? माझ्या दारातून?" एवढंच. मग आपली वाकळ काखेत मारलीस आणि त्याच कोपऱ्यातल्या खोलीत राहायला गेलीस. दादा समजावून थकला. तुझा हिशेब सरळ होता. तू तोंड उघडं ठेवून वाढलं होतंस, आता जे व्हायचं ते तुला होऊ दे, पोराला नको. "रिपोट येऊंदे, मंग येतंय मी घरात." तू मनातून किती घाबरली होतीस ते मला तेव्हा कळलं. घाबरूनही तू त्याला तसंच वाढलं होतंस.

रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी आला, आये. मलेरिया. डॉक्टरांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सुटलात. घरी सांग." मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. रस्त्याने येताना मी ठरवत होते की अंगणातूनच हाक मारायची. आणि गावाच्या वेशीपाशी आल्यावर मी थांबले. कारण मला दिसायला लागलं की मी सांगणार, तू मास्क सोडणार, पोराला छातीशी धरणार, आणि मग माझ्याकडे एकदा बघणार. साध्या मलेरियाच्या माणसाला हाकललं म्हणून. त्या बघण्याला मी घाबरले. प्लेगला घाबरले होते त्याच्यापेक्षा जास्त. तू दारातूनच विचारलंस, "आला का गो रिपोट?" आणि मी म्हटलं, "नाही आला, लॅबवाल्यांचा गोंधळ चाललाय." उद्या सांगू म्हटलं. उद्या म्हटलं परवा. मग तर आता सांगितलं तर इतके दिवस का नाही, हे आलंच. रोज संध्याकाळी तू विचारायचीस, रोज मी तेच सांगायचे, आणि तुझं ताट उंबऱ्यावर ठेवायचे. मास्क बांधून, आये. खोटं निभवायला तोही बांधावा लागत होता.

सातव्या की आठव्या दिवशी दुपारी पोर अंगणात भिंत धरून उभं होतं. तू समोर खोलीच्या दारात तांदूळ निवडत बसली होतीस. त्याने तुला बघितलं, भिंत सोडली आणि निघालं. एक पाऊल, दोन, तीन, हात पसरून, तोंडातून लाळ गाळत, सरळ तुझ्याकडे. वहिनी ओट्यावरून ओरडली, "बघा बघा, चालला!" तुझ्या मांडीवरचं सूप खाली पडलं. तू उठलीस, तुझे हात पुढे आले, आणि मग तू मागे सरलीस. मागे, मागे, आणि दार लोटून घेतलंस. तो दारापाशी येऊन पडला आणि हंबरडा फोडला. आतून तुझा आवाज, "उचला गो त्याला, कुनीतरी उचला!" पर्स माझ्या खांद्याला होती, मी जेवून दवाखान्यात निघाले होते. एक शब्द बोलायचा होता. मी धावले आणि त्याला उचललं.

दहा दिवस झाल्यावर तू आपल्या मनानेच बाहेर आलीस. "मना ताप आला नाय, म्हंजे त्या बिचाऱ्यालाबी तो आजार नव्हता," असं म्हणालीस. दिवाळीनंतर ती दोघं सामान न्यायला आली. तो चांगला धडधाकट, हातात घारीचा डबा. तू दोघांना पोटभर जेवायला वाढलंस, सुकटीशिवाय. मला विचारलंस, "त्याच्या रिपोटाचं काय झालं मंग?" मी म्हटलं, हरवला. तू "बरं" म्हणालीस. तुला कळलं होतं का गं? मी वर्षानुवर्षं या 'बरं'चा कीस पाडला आहे, आणि मला नाही सांगता येत.

मग मधे ही मोठी साथ आली. सगळं जग मुसकं बांधून बसलं. तुझा नातू आता बाप्या झालाय, चाळ पाडून बांधलेल्या बिल्डिंगचा सेक्रेटरी आहे. लोकांना मास्कचं महत्त्व पटवताना तो सगळ्यांसमोर सांगायचा की माझ्या आत्याने प्लेगच्या वेळी आमचं घर वाचवलं. घरात हीच गोष्ट रुजली आहे. मी नुसती मान खाली घालायचे, आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा. परवा त्याची लेक चालायला लागली. सगळे टाळ्या वाजवतायत, आणि हा माझ्याकडे वळून विचारतो, "आत्या, मी पहिल्यांदा चाललो तेव्हा कुणाकडे गेलो होतो गं?" वहिनी आता नाही, दादाला काही आठवत नाही. ते बघितलेली मी एकटीच उरले आहे. मी म्हटलं, "माझ्याकडे."