बाण नसलेला ठिपका

सुंदरा, तुला आणि पोरांना दादाचा जयभीम.

नाही, मी पुण्यात एकटा पडलेलो नाही. तुझा पोरगा संजय रविवारी इथे होता, आता परत गेलाय, तो काहीबाही सांगेल, म्हणून आधीच लिहितो. फोनवर हे बोलवत नाही.

आमच्या बिबवेवाडीत कॉलेजची एक पोरगी आली होती, पूर्वा नावाची. वस्तीत कोण कुणाच्या उपयोगी पडतं, याचा म्हणे अभ्यास. "आजोबा, अडचणीत कुणाला हाक मारता?" मला वाटलं, नाव सांगितलं की त्या माणसामागे चौकशी लागणार. म्हटलं, "कुणालाच नाही."

रविवारी तिने विहारात तक्ता लावला. प्रत्येकाचा ठिपका, त्यावर घरनंबर, आणि ज्याला हाक मारतो त्याच्याकडे बाण. माझ्या ठिपक्यातून एकही बाण निघत नव्हता. शेजारच्या पोपटचा एकच बाण, तोही माझ्याकडे.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी उशाशी बसला तो हाच पोपट. सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, मग दवाखान्यात तुमच्याजवळ काय भिंत बसली होती?" लोक हसले. तो हसला नाही. मला तोंड वर करता येईना.

तेव्हापासून तो चहाला येत नाही. मीच जायला पाहिजे, कळतंय. पण त्याच्या दाराशी जाऊन मागे फिरतो.

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस.

ह्यावर फोन करू नकोस. मी एक शब्द बोलणार नाही.

दादा