झाकणाला चिकटलेलं आंबवण

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तुझ्या आई आता काठीशिवाय जिन्यापर्यंत येतात हे वाचून बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग. फोन का केला नाही म्हणशील, तर दोन खोल्यांचं तुझं घर तुला माहीतच आहे. तुझं नाव निघालं की तुझा नवरा वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो आणि एकही पान उलटत नाही. म्हणून दोरे आणायचं निमित्त करून बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात लिहायला बसले आहे. मालक मघापासून माझ्या रिकाम्या कपाकडे बघतो आहे. बघू दे.

आमच्या बंधुराजांची तब्येत उत्तम आहे. डॉक्टर खूश आहेत, शेजारी खूश आहेत, मी सोडून सगळेच खूश आहेत. मीठ जवळजवळ बंद, तेल चमच्याने मोजून. सकाळी ओट्स आणि किसलेलं सफरचंद, दुपारी मसुराचं सूप, रात्री वाफवलेल्या भाज्यांवर लिंबू आणि मिरपूड. एक युक्ती मला सापडली ती तुला सांगते. भोपळ्याचं सूप करताना भोपळा आधी ओव्हनमध्ये कडा काळपट होईपर्यंत भाजायचा, लसणाचा गड्डा सालासकट त्याच्याच शेजारी ठेवायचा आणि नंतर मऊ पाकळ्या आत पिळायच्या. मग मीठ नाही हे पटकन कळत नाही. तरी हा पहिल्या घासाला तोंड वाकडं करून विचारतोच, की चव कुठे गेली. मी म्हणते, तुझ्याबरोबर हॉस्पिटलात गेली होती, तिला अजून सुट्टी मिळाली नाही.

पावही घरीच होतो आता. सावरडो, म्हणजे विकतचं यीस्ट न घालता नुसत्या आंबवणावर फुगवलेला. बरणीतलं आंबवण सकाळी पीठ-पाणी घातलं की दुपारपर्यंत दुप्पट होतं, आणि वास अगदी तुझ्या पावाचा येतो. पहिला पाव विटेसारखा झाला. दुसऱ्याला आत एवढी मोठी गुहा, की लोणी लावलं असतं तर खाली बशीत पडलं असतं. आता मात्र बरा जमतो. कवच कडक, आत जाळी.

माझं म्हणशील तर दमले आहे गं. आजारी माणूस रडका असला तर परवडतो, पण बरा होत आलेला माणूस नाकी नऊ आणतो. माझ्या दुकानाला कुलूप आहे, कपडे दुरुस्तीला टाकून गेलेली माणसं फोन करून करून आता दुसरीकडे जायला लागली आहेत. आमचे हे घरी एकटे. रोज फोन करतात आणि साखर कुठे आहे ते विचारतात. साखरेची जागा मी लग्न होऊन आल्यापासून बदललेली नाही. पण ते साखरेसाठी फोन करत नाहीत हे मला कळतं, आणि मग भाजी चिरताना मला उगाचच रडू येतं. कांद्यावर ढकलून देते.

तू परत आलीस तर मी सुटेन. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझा स्वार्थ तुझ्या ध्यानात राहील.

पावाबद्दल वर लिहिलं ते खरं आहे, पण मुद्दाम अर्धंच लिहिलं आहे. तू पत्रात एकच गोष्ट विचारलीस. बरणीच्या झाकणाला, चमच्याला, कुठेतरी थोडं चिकटून उरलं होतं का? बाकी त्याच्या दुखण्याची चौकशी तू रीतीप्रमाणे केलीस, आणि शेवटी हे एवढं विचारलंस. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

त्या दिवशी मी इथे नव्हते. तुझ्याकडून ऐकलं तेवढंच मला माहीत. बेकरीतली नोकरी सुटताना तुझ्या मालकिणीने स्वतःच्या हाताने भरून दिलेली ती बरणी. ती बाई गेली, बेकरी गेली, पण तू ते आंबवण जिवंत ठेवलंस आणि त्यावर शनिवारच्या पावांचं गिऱ्हाईक उभं केलंस. हा हॉस्पिटलात दिवसभर ऑपरेशनची हत्यारं उकळणारा माणूस. घरी आला, वर साचलेलं करडं पाणी बघितलं, वास घेतला, आत होतं ते सिंकमध्ये ओतलं आणि बरणी कुकरमध्ये घालून वाफवून काढली. तू बाजारातून आलीस तेव्हा बरणी पांढऱ्या फडक्यावर पालथी घातलेली होती, लख्ख. तू काही बोलायच्या आधीच हा म्हणाला, पीठ-पाणीच तर होतं, परत कर. तू बॅग भरलीस आणि आईकडे गेलीस. पुढे याच्या छातीत दुखलं आणि मला दुकान बंद करून यावं लागलं.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर यानेच परत आंबवण करायला घेतलं. मला हात लावू देईना. बरणी उकळली ते ठीक. पाणी उकळलं आणि गरमच घातलं. पीठ तर खबरदारी म्हणून कोरडं भाजून घेतलं. वर बरणीला गच्च झाकण. रोज वाकून बघायचा, आणि आत काहीच घडायचं नाही. मग ते फेकायचं आणि पुन्हा तसंच. शेवटी मी म्हटलं, अरे, त्यात जे जगायला हवं तेच तू मारून आत घालतो आहेस. त्यावर मला म्हणतो, "मग काय, घाण ठेवू?" मी म्हटलं, ठेव. कच्चं पीठ घाल, कोमट पाणी घाल, वर नुसतं फडकं टाक आणि हात आवर. त्याला ते किती जड गेलं ते तू बघायला हवं होतंस. बरणीच्या कडेला वाळलेलं पीठ पुसायला त्याचे हात शिवशिवायचे. मी स्वयंपाक करत असले की मागे हात बांधून उभा राहायचा. पण एका दुपारी बुडबुडे आले, आणि मला हातातल्या शिवणावरून उठवून दाखवायला नेलं.

मला हसू आलं, आणि जरा अभिमानही वाटला. धाकटा भाऊ आहे शेवटी.

तुझं पत्र मी त्याला दाखवलं नव्हतं, पण त्याने ते वाचलं. टेबलावर ठेवलं ही माझीच चूक. रात्री जेवताना म्हणाला, ताई, असं लिही, की झाकणाच्या आट्यांत थोडं उरलं होतं, त्यातूनच वाढवलं. तिला कळणार नाही. वास तोच आहे. तू लिहिलंस तर ती मानेल.

मी नाही म्हणाले नाही. मनात वाक्यसुद्धा जुळवलं. झाकण मी आल्यावर नीट धुतलं तेव्हा दिसलं, असं. अगदी पटण्यासारखं होतं. तू आली असतीस, मी दुकान उघडलं असतं, आणि रोज सकाळी तू त्या बरणीला तुझ्या मालकिणीची बरणी समजून पीठ घातलं असतंस. तो बाजूला उभा राहून गप्प बसला असता आणि मी माझ्या घरी बसून गप्प बसले असते. एवढं डोळ्यांसमोर आलं आणि जुळवलेलं वाक्य मी सोडून दिलं.

म्हणून आज सकाळी त्याला सांगितलं, मी खरं लिहिणार आहे. तो म्हणाला, मग ती येणार नाही. मी म्हटलं, नाही येणार कदाचित. तो बराच वेळ सुरीने पावाचे काप करत राहिला. एवढे काप आम्हाला दोघांना लागत नाहीत. मग मान खाली घालूनच बोलला.

"सगळंच खरं लिहिणार असशील तर हेही लिही. ते नासलेलं नव्हतं. ते मला माहीत होतं. वर पाणी येतं, ढवळलं की जातं, हे तिनेच मला दाखवलं होतं."

मी विचारलं, मग ओतलंस कशाला?

"ती उठल्या उठल्या आधी त्याच्याकडे जायची. शनिवारी तर घरात माणसंच माणसं, सगळी तिला विचारत. मी कामावरून आलो की ती पीठ मळत म्हणायची, जरा थांब. मला ते नको होतं, ताई."

धाकटे, मी उरलेले काप डब्यात भरले. चिडायलाही अंगात जोर लागतो. मी जुळवलं होतं ते खोटं किती लहान होतं, आणि त्याच्या खाली हे एवढं पडलेलं होतं. तू इतके दिवस त्याला अडाणी समजून रागावली आहेस. तो अडाणी नव्हता. हे तुला कळल्याशिवाय तू या घरात पाऊल टाकावंस असं मला वाटत नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. काही उरलं नाही. झाकणालाही नाही आणि चमच्यालाही नाही, तेही त्याने उकळून घेतले होते. बरणीत आहे ते नवीन आहे, त्याने केलेलं आहे, आणि चांगलं आहे. तिन्ही गोष्टी मी सारख्याच खऱ्या म्हणून लिहिते.

तू ये असं मी लिहीत नाही, येऊ नकोस असंही नाही. माझी इच्छा वर सांगून बसले आहे, पण दमलेल्या माणसाच्या इच्छेवर तू तुझं आयुष्य ठरवू नकोस. येत्या रविवारी मी माझ्या घरी जाते आहे. तू आलीस तरी, नाही आलीस तरी. त्याला सूप करता येतं, भाज्या वाफवता येतात, औषधं वेळेवर घेता येतात. एकटं राहता येतं का ते त्याचं त्याने बघावं. मी त्याला तसं सांगितलं आहे. तो "बरं" एवढंच म्हणाला.

माझा पत्ता तुझ्याकडे आहे. तुला कुठे जावंसं वाटलं, पण इकडे यावंसं वाटलं नाही, तर माझ्या दुकानामागच्या खोलीत एक पलंग आहे. ओव्हन नाही, पण तो घेता येईल.

त्याची बहीण तर मी जन्मभर आहेच. हे पत्र मात्र तुझी म्हणून लिहिलं आहे.

तुझी,
ताई